खर्जच्या रस्त्यावरचा हर्मीस

दगड नव्हते.

सलमाने माझ्यासाठी खर्जच्या रस्त्यावर गाडी दोनदा वळवून घेतली. रियाधकडून येताना डाव्या हाताला वरून कापल्यासारखं सपाट टेकाड लागतं, ते जागेवर होतं. त्याच्या समोर, रस्त्याच्या कडेला, कंबरेइतकी उंच दगडांची रास असायची. तिथे आता कुंपण होतं, कुंपणामागे टायरांचं दुकान आणि दुधाच्या टँकरांची रांग. रस्ता इतका रुंद झालाय की पलीकडून जाणाऱ्या गाड्या दुसऱ्याच गावाच्या वाटतात.

"अब्बा, नक्की इथेच होतं ना?" सलमाने विचारलं.

"हा रस्ता मी आखलाय."

"मग सापडायला हवं ना."

माझी मुलगी सरळ मनाने म्हणाली, पण मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. मागच्या सीटवर नातू झैद कंटाळून पाय आपटत होता. मी काच खाली केली आणि आत वास आला. ओल्या चाऱ्याचा आणि शेणाचा. उन्हाने भाजलेल्या त्या कोरड्या मुलखात अचानक येणारा, गोठ्यासारखा वास. बाकी सगळं गेलं होतं, तो तेवढा होता.

लहानपणी वासावरूनच कळायचं की इस्माईल मामू आला. मामू म्हणजे अम्माचा धाकटा भाऊ. कुवेतला शिंपी होता. म्हसळ्याच्या एसटी स्टँडवरून त्याची बॅग डोक्यावर घेऊन कुणीतरी यायचं, आणि ती ओटीवर उघडली की साबण, अत्तर, कोऱ्या कापडाची खळ आणि संत्र्याच्या सरबताची पावडर, सगळ्यांचा मिळून एक वास घरभर पसरायचा. बॅग रिकामी झाली तरी अम्मा पुढे कित्येक दिवस तिचं झाकण लावत नसे.

मामू गोष्टी सांगायचा. जिनांच्या, समुद्रात हरवलेल्या गलबतांच्या, बसऱ्याच्या सौदागरांच्या. पण मगरिबची नमाज झाल्यावर. दिवे लागलेले, चुलीवर बांगडे तळले जात असलेले, आणि आम्ही पोरं त्याच्या मांडीशी. दिवसा कितीही गयावया केली तरी तो तोंड उघडत नसे.

"दिवसा गोष्ट सांगितली की मुलांचा मामू वाट चुकतो," तो म्हणायचा. "आणि तुमचा मामू कोण? मीच ना? मला परत कुवेतला जायचंय रे बाबांनो!"

हे आमच्याच घरात होतं असं नाही. शेजारच्या पाटलांच्या घरीही मुलांना हेच सांगत. पण त्यांच्या घरचा मामा दुसऱ्या गावाला असे. आमचा मामू समोर बसून स्वतःच स्वतःची वाट सांभाळायचा, याचं आम्हाला फार हसू यायचं.

आमच्या घरात शाळा संपवून पुढे कुणी गेलं नव्हतं. शाळेतले गुरुजी पावसात चालत घरी आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, याला होडीवर घालू नका. मामूने कुवेतहून ड्राफ्टर पाठवला, नक्षे काढायला. कराडच्या होस्टेलवर तसा ड्राफ्टर दुसऱ्या कुणाकडे नव्हता. या दोन माणसांमुळे मी इंजिनिअर झालो. जमेल तिथे मी हे सांगतो, म्हणून इथेही सांगितलं.

नोकरी लागली ती रियाधला. अल मलाझमध्ये एका कंत्राटदाराचं ऑफिस होतं आणि काम चालू होतं खर्जच्या बाजूला, रस्ता रुंद करण्याचं. माझ्या वरचा सर्व्हेअर ग्रीक होता, यॉर्गोस. कुठल्याशा बेटावरचा, पांढऱ्या मिशांचा, बोटांत सतत मण्यांची माळ फिरवणारा. पहिल्या दिवशी मला वाटलं, तसबीह ओढतोय. मी आदराने गप्प बसलो. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "तू मुका आहेस का?" ती माळ जपाची नव्हती, हात रिकामा राहू नये म्हणून होती.

सर्व्हेचं काम आम्ही पहाटे धरायचो. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरायला लागते, दुर्बिणीतून पाहिलं तर पट्टीवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे नाचतात. रीडिंग घेताच येत नाही. मग संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचं. यॉर्गोस लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात कॉफी उकळायचा. कॉफी, गरम पत्रा, डांबर, आणि वारा फिरला की दूरच्या डेअरी फार्मचा तो गोठ्याचा वास. एक दिवस तो वास आला आणि यॉर्गोस हसला.

"हर्मीसला इथे आवडलं असतं," तो म्हणाला. "गाई चोरायला."

मी हर्मीसचं नाव पहिल्यांदा ऐकत होतो. यॉर्गोसच्या मोडक्या इंग्रजीत आणि साइटवरच्या अरबीत ती गोष्ट मला कळली ती अशी. जुन्या ग्रीसमधला हा देव पहाटे गुहेत जन्मला. दुपारपर्यंत पाळण्यातून उतरला, दारात कासव दिसलं, त्याच्या पाठीला तारा लावून वाद्य केलं. संध्याकाळी थोरल्या भावाच्या गाई पळवल्या, आणि खुरांचे ठसे उलटे दिसावेत म्हणून त्यांना मागे मागे चालवत नेलं. रात्री पाळण्यात जाऊन डोळे मिटून पडला. चोरांचा देव, व्यापाऱ्यांचा देव, आणि वाटसरूंचा. सीमा ओलांडणाऱ्याला तो सोबत करतो. रस्त्याच्या कडेला दगडांची रास दिसली की ती हर्मीसची समजायची, आणि जाता जाता आपलाही एक दगड टाकायचा.

गोष्ट संपली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. मी हसत हसत त्याला आमची समजूत सांगितली. दिवसा गोष्ट, मामू वाट चुकणार.

"तुला मामा आहे?"

"आहे. कुवेतला."

"मग सुखरूप आहे," तो म्हणाला. "हाकेच्या अंतरावर."

त्याच उन्हाळ्यात कुवेतवर इराकचं सैन्य आलं.

त्या दिवसांची बातमी मला क्रमाने आठवत नाही. आठवतं ते रेडिओची खरखर, फोनच्या दुकानापुढची रांग आणि कुवेतचा नंबर फिरवल्यावर कानात येणारा लांबलचक एकच सूर. आपली माणसं बसऱ्याच्या वाटेने, बगदाद, अम्मान करत मुंबईला पोचू लागली. श्रीवर्धनचा एक जण पोचला. त्याने अम्माला येऊन सांगितलं की इस्माईल आमच्याबरोबर निघाला नाही. म्हणाला, भाचा रियाधला आहे, मी खालच्या वाटेने, वाळवंटातून त्याच्याकडे जातो.

माझ्याकडे.

मग मी दारं ठोठावायला लागलो. सरहद्दीवरून आलेल्यांच्या छावण्या होत्या, तिथे जाऊन पाहायचं होतं. पण माझा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, आणि त्याचं पत्र असल्याशिवाय शहराबाहेर जायचं नाही. पत्र मागावं, तर ऑफिसातला माणूस चहा पुढे करायचा आणि म्हणायचा, "बुकरा." उद्या. उद्या गेलं की पुन्हा बुकरा, पुन्हा चहा. तो वाईट माणूस नव्हता, हेच जास्त चिडवणारं होतं. भांडावं तर त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. उत्तरेचा रस्ता सैन्याच्या गाड्यांनी भरला होता. रस्ते बांधणारा इंजिनिअर मी, आणि मला एका रस्त्यावर पाऊल टाकता येत नव्हतं.

माझ्या खोलीत दापोलीचे सत्तारभाई राहायचे. कंपनीचा पाण्याचा टँकर चालवायचे. त्यांनी मला डाळ ढवळता ढवळता विचारलं, "काय इंजिनेरसाहेब, जेवणार का नुस्ता भिंतीला टक लावणार?"

मी म्हणालो, "मीच दिवसा गोष्ट ऐकली."

सत्तारभाईंनी हातातला डाव पातेल्यावर आपटला. "अरे शिकलेला माणूस तू! तोफांनी लोक परागंदा झाले, तुझ्या गोष्टीनं नाय." मग माझ्या ताटात डाळ वाढत, हळूच: "पण आता नको ऐकू."

हे मी यॉर्गोसला सांगितलं. वाटलं हसेल. त्याने माळ खिशात टाकली, केबिनबाहेर गेला आणि टेकाडासमोर रस्त्याच्या कडेला एक दगड ठेवला. मला म्हणाला, "तूही ठेव." दुसऱ्या दिवशी पुन्हा. हळूहळू सर्व्हेची सगळी टोळीच येता-जाता एकेक दगड टाकू लागली. केरळचे, पेशावरचे, मनिलाचे. मला भीती वाटायची, कुणी पाहिलं तर म्हणेल हे काय मांडलंय. सत्तारभाई तर स्पष्टच म्हणाले, "ह्यो देवबीव आपल्या अंगाशी येईल हां."

"कुणी विचारलं तर बेंचमार्क म्हणून सांग," यॉर्गोस म्हणाला.

बेंचमार्क म्हणजे उंची मोजायची पक्की खूण. आम्ही खरोखरच लाल रंगाने एका दगडावर बाण काढला. कुणी विचारलं नाही. एका म्हाताऱ्या बदू मेंढपाळाने तेवढं पाहिलं, आणि आपलाही दगड टाकून तो पुढे गेला.

गोष्टींचं मात्र काय करायचं? केबिनमध्ये दुपार सरता सरत नसे. शेवटी यॉर्गोसने तोड काढली. "अर्धी गोष्ट म्हणजे गोष्ट नव्हे," तो म्हणाला. "अर्धीने मामा वाट चुकणार नाही. उरलेली तो सापडल्यावर सांगेन, त्याच्यासमोर, संध्याकाळी."

तेव्हापासून त्याने मला किती अर्ध्या गोष्टी सांगितल्या असतील! शंभर डोळ्यांचा एक राखणदार होता, तो कधीच पुरता झोपत नसे. हर्मीस बासरी वाजवत त्याच्याजवळ बसला, एकेक डोळा मिटत गेला... आणि यॉर्गोस उठला. देवांनी हर्मीसला कोर्टात उभं केलं, मत द्यायचं म्हणून प्रत्येकाने त्याच्या पायाशी एकेक दगड टाकला, दगड गुडघ्यापर्यंत आले, छातीपर्यंत आले... "यल्ला, कामाला चल." मी रात्री उशाशी त्या गोष्टींचे शेवट जुळवत बसायचो. एकही पटायचा नाही. दिवसभर बुकरा ऐकायचं आणि दुपारी अर्धी गोष्ट. कधी कधी वाटायचं, त्याच्या हातातली माळ हिसकून तोडून टाकावी.

हिवाळ्यात खुद्द रियाधवर क्षेपणास्त्रं येऊ लागली. खिडक्यांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या. दाराच्या फटीत ओला टॉवेल. मगरिबच्या सुमाराला भोंगा वाजायचा आणि सत्तारभाई तव्यावरची पोळी तशीच सोडून विषारी वायूसाठीचा मास्क शोधायचे. रबराचा वास, करपलेल्या पोळीचा वास. मास्कमधून त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा: "पोळी उलट रे कुणीतरी!"

त्याच दिवसांत मुंबईहून आलेल्या कुणाबरोबर अम्माची कॅसेट आली. तेव्हा घरून निरोप कॅसेटवर भरून येत. बटण दाबलं की आधी आमचा कोंबडा आरवायचा, मग खाडीवरचा वारा, मग अम्मा. कुणाकुणाचे सलाम तिने सांगितले. मग म्हणाली, "इस्माईल तुझ्याकडंच निघालाय. दार लावून झोपू नको. आणि बाबा, तू दिवसा कुणाच्या गोष्टी आयकत नाहीस ना?"

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आई होती, म्हणून विचारलं. मी खोलीचं दार उघडं ठेवायला लागलो. सत्तारभाई टॉवेल लावायचे, मी काढायचो. आमचं त्यावरून भांडणही झालं.

यॉर्गोसने सांगितलेली शेवटची गोष्ट एका म्हाताऱ्या राजाची होती. त्याच्या नगराला वेढा पडलेला. तो एकटाच गाडीत उंची वस्त्रं, भांडी, सोनं भरून शत्रूच्या छावणीकडे निघतो. नदीवर पोचतो तर अंधारून आलेलं, आणि समोर एक तरणा पोरगा उभा. म्हातारा घाबरतो. पोरगा म्हणतो, भिऊ नका बाबा, तुम्ही मला माझ्या वडिलांसारखे. तो हर्मीस असतो. लगाम स्वतःच्या हातात घेतो, पहारेकऱ्यांना झोप आणतो, वेशीचा अडसर काढतो, आणि म्हाताऱ्याला शत्रूच्या गोटातून अलगद आत नेतो.

"कशासाठी जातो तो?" मी विचारलं. "गाडीत एवढं सामान कशाला?"

यॉर्गोसने कपात पाहिलं. "कॉफी गार झाली," तो म्हणाला.

"निदान एवढं तरी सांग!"

"मामा येऊ दे."

काही दिवसांनी आम्ही पहाटे साइटवर गेलो तर टेकाडासमोरची जमीन हाताने सारवल्यासारखी सपाट. सैन्याच्या गाड्यांना कडेला उभं राहायला जागा हवी होती, म्हणून आमच्याच ग्रेडरने रस्त्याची कड साफ केली होती. चालवणाऱ्याला सांगायचं राहून गेलं होतं. लाल बाणाचा दगड भरावात कुठेतरी गेला. यॉर्गोस ग्रीकमध्ये ओरडत ग्रेडरमागे धावला. मी ओरडलोही नाही. पाय पसरून तिथेच बसलो. सत्तारभाईंनी टँकर थांबवला, खाली उतरले, इकडेतिकडे पाहिलं आणि रस्त्यापलीकडून एक दगड आणून माझ्या शेजारी ठेवला. "घे," म्हणाले. "परत बेंचमार्क कर तुझा."

पुन्हा रास उभी राहिली. युद्ध संपलं. रमजान लागायच्या सुमाराला एकदाचं पत्र मिळालं आणि मी सत्तारभाईंबरोबर उत्तरेला गेलो. छावण्या उठल्या होत्या. तंबूंच्या खुंट्या, रिकामे डबे, वाळूत अर्धवट पुरलेली एक चप्पल. क्षितिजावर तेलाच्या विहिरींचा काळा धूर. मी लोकांना मामूचा फोटो दाखवत फिरलो. गळ्यात टेप घातलेला, हसणारा मामू. लोक फोटो नीट पाहायचे, दोन्ही हातांनी धरून पाहायचे, आणि परत द्यायचे.

यॉर्गोसचं कंत्राट संपलं तेव्हा मी त्याला मलाझच्या ऑफिसखाली गाठलं. त्याच्या बॅगा गाडीत चढत होत्या.

"आता शेवट सांग," मी म्हणालो. "सगळे."

"सापडला?"

"नाही. सापडणारही नाही."

"असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच काही सांगत नाही! तूही नाही!"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. गाडी गेली. खलास.

अम्मा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. शेवटपर्यंत तिने आमच्या घरात दिवसा गोष्ट सांगू दिली नाही. माझी मुलं हट्ट करत, तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "मगरिब होऊ दे!" मामूच्या नावाने फातिहाही तिने कधी करू दिला नाही. गेलेल्यासाठी करतात, म्हणायची, वाटेवर असलेल्यासाठी नाही. मामूची जुनी बॅग माळ्यावर होती. अम्मा गेल्यावर मी ती उघडली. आत कसलाच वास नव्हता.

शेवट मला पुण्याच्या एका वाचनालयात सापडले. राखणदाराचा, कोर्टाचा. आणि त्या राजाचा. म्हाताऱ्याचा मुलगा शत्रूने मारलेला असतो. गाडीतलं सोनं त्याच्यासाठी. परत येताना गाडीत मुलाचं प्रेत असतं. त्याच पुस्तकात लिहिलं होतं की वाटसरूंना सोबत करणारा हा देव मेलेल्यांनाही त्यांच्या वाटेने नेऊन पोचवतो. यॉर्गोसने मला कधी सांगितलं नव्हतं, ते एवढंच. पुस्तक मिटून मी वाचनालयाच्या पायरीवर बसलो. त्याचा हात झटकला होता, तो खांदा दुखल्यासारखा वाटला.

"नाना, स्टोरी," झैद म्हणाला. सलमाने गाडी टायरांच्या दुकानाशेजारच्या सावलीत लावली होती. तिचा भाऊ दम्मामहून गाडीने येत होता, त्याची वाट बघत आम्ही थांबलो होतो.

"आत्ता दुपार आहे," मी म्हणालो. "दिवसा गोष्ट सांगितली की मामू वाट चुकतो. तुझा मामू रस्त्यावर आहे."

"नाना," तो अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "मामूके पास जीपीएस है."

सलमा हसली आणि फोन माझ्यापुढे धरला. नकाशावर एक निळा ठिपका रस्त्याच्या रेघेवरून सरकत होता. थांबायचा, पुन्हा सरकायचा. मी त्या ठिपक्याकडे पाहत राहिलो. एवढंच हवं होतं मला तेव्हा. एवढासा ठिपका. त्याच्यासाठी मी चहाचे किती कप रिचवले होते!

मग मी गोष्ट सांगितली. म्हाताऱ्या राजाची, भर दुपारी, नदीपासून पुढची, अडसर काढल्यानंतरची, परतीची. गाडीत काय होतं तेही सांगितलं.

झैद दोन सीटच्या मधून पुढे झुकला. "ही गॉट हिम बॅक," तो म्हणाला.

"हो. आणलं त्याने घरी."

"अँड युअर मामू?"

मी नकारार्थी मान हलवली. तो दार उघडून खाली उतरला. कुंपणापाशी खडी पडली होती. त्यातला हाताला पेलेल एवढा एक दगड त्याने आणला आणि माझ्या पायाशी ठेवला. मग माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी वाकून दुसरा शोधला.

"अब्बा, इथले लोक उद्याच झाडून टाकतील ते," सलमा हळूच म्हणाली.

"टाकू दे."

"कुणी विचारलं तर?"

मी माझा दगड त्याच्या दगडावर नीट बसवला. हलत होता, म्हणून फिरवून बसवला.

"बेंचमार्क म्हणून सांग."